‘मरॉडर’ म्हणजे नेमके कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजीतील ‘मरॉडर’ हा शब्द इतिहासाच्या पुस्तकांत, वर्तमानपत्रांत, फुटबॉलच्या समालोचनात आणि व्हिडिओ गेममध्ये भेटतो आणि प्रत्येक ठिकाणी थोडा वेगळा वागतो. शब्दकोशात त्याच्यापुढे ‘लुटारू’ एवढेच लिहिलेले असते. ते चूक नाही, परंतु अपुरे आहे. वाचक, विद्यार्थी आणि भाषांतर करणारे या शब्दाविषयी जे प्रश्न नेहमी विचारतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत.

‘मरॉडर’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

लुटीच्या शोधात मुलुखभर हिंडणारा आणि जेथे संधी मिळेल तेथे झडप घालणारा, असा या शब्दाचा अर्थ आहे. या अर्थाचे दोन भाग पडतात. पहिला हिंडण्याचा आणि दुसरा लुटीचा. हे दोन्ही एकत्र असतील तरच हा शब्द खऱ्या अर्थाने लागू होतो. एखाद्या ठरावीक घरावर पाळत ठेवून रात्री ते फोडणारा चोर मरॉडर नव्हे, कारण तो हिंडत नाही. त्याचे लक्ष्य आधीच ठरलेले असते. उलट, केवळ गावोगाव फिरणाऱ्या माणसाला हा शब्द लावणे तर सरळसरळ अन्याय आहे, कारण त्याने कोणाचे काही घेतलेले नसते.

शब्दात आणखी एक छटा आहे, जी कोशात क्वचितच नोंदवलेली असते. मरॉडर बहुधा एकटा नसतो. तो टोळीतला एक असतो, आणि त्या टोळीला शिस्त, कायमचा तळ किंवा दूरवरचे ध्येय नसते. आज जे हाती लागेल ते घ्यावे आणि उद्या पुढच्या गावाकडे वळावे, अशी तिची रीत असते. मुलूख जिंकून तेथे राज्य करण्याची इच्छा बाळगणाऱ्या सैन्याला म्हणूनच हा शब्द नीट बसत नाही, मग ते सैन्य कितीही क्रूर असो. या लेखातील जवळजवळ प्रत्येक उत्तर हिंडणे आणि लुटणे या दोन भागांकडे पुन्हा परत येईल, कारण या शब्दाचे पुढचे सगळे आयुष्य त्यांच्या ताटातुटीचे आहे.

त्याचा उच्चार कसा करावा आणि देवनागरीत तो कसा लिहावा?

आघात दुसऱ्या अक्षरावर आहे: म-रॉ-डर. पहिला ‘म’ अगदी हलका उच्चारावा आणि ‘रॉ’ लांबवावा. देवनागरीत ‘मरॉडर’ हे लेखन पुरेसे अचूक आहे. ‘मॅराउडर’ किंवा ‘माराउडर’ हे उच्चार केवळ स्पेलिंग पाहून केलेले असतात. घाईत बोलताना किंवा ऐकताना खून करणाऱ्यासाठी असलेल्या ‘मर्डरर’ या शब्दाशी त्याची गल्लत होते. ती टाळावी. मरॉडरच्या हातून खून होऊ शकतो, परंतु तो त्याच्या व्याख्येचा भाग नाही.

हा शब्द आला कोठून?

फ्रेंचमधून. फ्रेंचमध्ये ‘मारो’ असा एक शब्द होता, आणि सोळाव्या शतकातील लिखाणात तो भणंग, लबाड, उनाड मनुष्य या अर्थाने आढळतो. या शब्दात सुरुवातीला लूट नव्हती, फक्त हलकटपणा होता. आपल्याकडे ज्याला ‘टोळभैरव’ म्हणतात, त्याच्या आसपासचा हा माणूस. पुढे त्या नामावरून क्रियापद झाले आणि त्याला सैनिकी अर्थ चिकटला, तो म्हणजे छावणी सोडून आसपासच्या वस्त्यांतून वस्तू उचलून आणणे. असे करणारा तो ‘मारोदर’. सतराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द इंग्रजीत आला आणि तेथे त्याचा ‘मरॉडर’ झाला.

त्या मूळ फ्रेंच शब्दाच्याही मागे जाता येते काय? फ्रान्सच्या काही बोलींत तोच शब्द बोक्यासाठी वापरला जातो आणि बोक्याच्या आवाजाची नक्कल करताना तो घडला असावा, असे एक मत आहे. मला ही कल्पना मोहक वाटते, कारण रात्री घरोघर हिंडून ज्याचे झाकण उघडे असेल त्या भांड्यात तोंड घालणारा बोका आणि हा लुटारू यांत फरक फक्त आकाराचा आहे. तरीही हे मत आहे, निर्णय नव्हे.

दुसरी एक कथा अधिक प्रसिद्ध आहे. युरोपात 1618 ते 1648 या काळात चाललेल्या तीस वर्षांच्या युद्धात मेरोद नावाच्या सरदाराची पलटण इतकी बेशिस्त होती, की तिच्या नावावरूनच लुटारूंना हे नाव पडले, असे सांगतात. ही व्युत्पत्ती सतराव्या शतकातील जर्मन साहित्यातही येते, म्हणजे ती जुनी आहे. पण जुनी असल्याने ती खरी ठरत नाही. फ्रेंच शब्द त्या युद्धाच्या आधीच अस्तित्वात होता. नाव आणि कीर्ती जुळल्यामुळे लोकांनी मागाहून जोडलेली ही व्युत्पत्ती आहे.

‘मरॉडर’ हा शब्द ‘मराठा’ या शब्दावरून आला आहे काय?

नाही. हा प्रश्न मराठी वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे, कारण दोन्ही शब्दांची सुरुवात सारखी ऐकू येते आणि अठराव्या-एकोणिसाव्या शतकातील इंग्रज लेखकांनी मराठा घोडदळाच्या स्वाऱ्यांचे वर्णन करताना लूटमारीचे शब्द सढळ हाताने वापरले. तथापि कालक्रम पाहिला की प्रश्न उरत नाही. सोळाव्या शतकात फ्रान्समधील लोक आपल्याकडच्या उनाडांना जो शब्द वापरत होते, त्याचा सह्याद्रीतील घोडेस्वारांशी संबंध असण्याची शक्यता नाही. दोन शब्द सारखे ऐकू येतात, एवढेच.

मराठ्यांच्या स्वाऱ्यांवरून जो शब्द खरोखर तयार झाला, तो दुसऱ्याच भाषेत आहे. ज्या स्वाराला घोडा आणि हत्यार सरकारातून मिळे, त्याला मराठीत ‘बारगीर’ म्हणत. 1741 ते 1751 या काळात नागपूरकर भोसल्यांच्या फौजा बंगालवर पुन्हा पुन्हा चालून गेल्या आणि ‘बारगीर’चा बंगालीत ‘बर्गी’ झाला. तेथे त्याचा अर्थ झाला तो जवळजवळ मरॉडर असाच. पुढे मुलांना झोपवण्याच्या गाण्यांतही बर्गींची भीती शिरली. 1742 मध्ये कलकत्त्याभोवती याच भयाने खंदक खणायला घेतला गेला आणि इंग्रजांनी त्याला मराठा खंदक असे नाव दिले.

इतर युरोपीय भाषांत या शब्दाचे काय झाले?

या शब्दाचा हा सर्वांत रंजक भाग आहे, कारण एकाच मुळाच्या फांद्या प्रत्येक भाषेत वेगळ्या दिशेने वाढल्या. रशियन भाषेत ‘मारोद्योर’ म्हणजे युद्धात मेलेल्यांचे आणि जखमींचे खिसे चाचपणारा, किंवा पूर-भूकंपानंतर ओस पडलेल्या घरांत शिरून सामान उचलणारा. तेथे हिंडणे गळाले आणि असहाय माणसाला लुटणे तेवढे राहिले. त्यामुळे रशियनमध्ये हा शब्द इंग्रजीपेक्षाही तिरस्काराचा आहे. स्पॅनिशमध्ये नेमके उलट घडले. तेथील क्रियापदाचा आजचा नेहमीचा अर्थ एखाद्या जागेच्या आसपास संशयास्पदपणे घुटमळणे असा आहे. लूट मागे पडली आणि घिरट्या उरल्या.

जर्मन भाषेने तिसरीच वाट धरली. सैन्यामागे रेंगाळणारे, थकलेले, आजारी शिपाईच बहुधा लूटमार करीत. त्यामुळे ‘मारोदे’ हे विशेषण प्रथम थकलेल्या शिपायाला आणि पुढे मोडकळीस आलेल्या कोणत्याही वस्तूला लागले. आज जर्मन वर्तमानपत्रात हा शब्द जीर्ण पुलांसाठी आणि डबघाईला आलेल्या संस्थांसाठी येतो. वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोणताही लुटारू उभा राहत नाही.

खुद्द फ्रेंचमध्ये मात्र या शब्दाचे पुनर्वसन झाले आहे, असेच म्हणावे लागेल. बागेतील फळे चोरणे हा जुना अर्थ तेथे टिकून आहे. गिऱ्हाइकाच्या शोधात रस्त्यांवरून रिकामी फिरणारी टॅक्सीही याच शब्दाने ओळखली जाते. आणि रात्री रस्त्यावर झोपणाऱ्या बेघर लोकांना गरम जेवण, पांघरुणे व औषधे पोहोचवण्यासाठी स्वयंसेवक जी फेरी काढतात, तिलाही फ्रेंच लोक ‘मारोद’च म्हणतात. एकेकाळी शेतकऱ्याच्या घरातून भाकरी पळवण्याला जे नाव होते, तेच आता भाकरी वाटत फिरण्याला लाभले आहे.

मुळात हा शब्द सैन्याशी का जोडला गेला?

कारण जुन्या काळी बहुतेक सैन्ये ज्या मुलुखातून जात, त्या मुलुखावरच जगत. तीस वर्षांच्या युद्धातील पलटणींचा पगार महिनोन् महिने थकलेला असे आणि रसद पोहोचवण्याची पक्की व्यवस्था नसे. हजारो माणसे व जनावरे एका जागी आठ-पंधरा दिवस राहिली, की तेथील दाणा-वैरण संपून जाई. मग शिपाई चारचार-सहासहाच्या जथ्याने छावणीबाहेर पडत आणि दिसेल ते घेऊन येत. काही जण परत येतच नसत. तो त्यांचा धंदाच होऊन जाई. सेनापतीच्या दृष्टीने हा गुन्हा होता, पण त्याचे पहिले कारण शिपायाची दुष्टता नव्हे. पहिले कारण सैन्याच्या कारभारातील गलथानपणा हे होते.

ही गोष्ट शिवाजी महाराजांनी ज्या स्पष्टपणे ओळखली होती, तितकी स्पष्टता त्या काळातील फार थोड्या सेनानींच्या लिखाणात दिसेल. 1673 मध्ये चिपळूणच्या छावणीतील घोडदळाच्या अधिकाऱ्यांना लिहिलेल्या त्यांच्या पत्राचा आशय असा आहे: पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आताच वाटेल तशी खर्च केलीत, तर पुढे ती मिळणार नाही. मग कोणी कुणब्याकडून दाणे आणील, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी सरपण, कोणी भाजीपाला. असे होऊ लागले, तर घर धरून राहिलेले कुणबीही निघून जातील आणि मोगल परवडले पण हे नकोत, असे त्यांना वाटेल. पत्रात नुसती ताकीद नाही. साठ्याचा हिशेब, वणव्याची भीती, दिवे आणि चुली सांभाळण्याच्या सूचना असा सगळा तपशील आहे. मरॉडर कसा घडतो आणि तो घडू नये म्हणून काय करावे लागते, याचे याहून नेमके विवेचन मला ठाऊक नाही. त्यात ‘लुटू नका’ एवढेच सांगून न थांबता, लुटण्याची पाळीच येऊ नये याची तजवीज केलेली आहे.

मरॉडर, दरोडेखोर, चाचा, लुटारू यांत फरक काय?

‘लुटारू’ हा सर्वांत व्यापक शब्द आहे आणि बाकीचे त्याच्या पोटात बसतात. समुद्रावर लुटतो तो चाचा. दरोडेखोराला कायद्याने चौकट घातली आहे: भारतीय दंड संहितेच्या कलम 391 मध्ये पाच किंवा अधिक व्यक्तींनी मिळून केलेली जबरी चोरी म्हणजे दरोडा असे सांगितले होते, आणि 2024 मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 310 मध्येही पाचाची ती अट कायम आहे. मरॉडरला अशी संख्येची अट नाही आणि तो कायद्यातील शब्दही नव्हे. युद्धकाळातील लुटीला मनाई करणाऱ्या 1907 च्या हेग नियमांत आणि 1949 च्या चौथ्या जिनिव्हा करारात ‘पिलेज’ हा शब्द आहे, कारण कायद्याला कृत्याचे नाव हवे असते, आणि मरॉडर हे माणसाचे वर्णन आहे.

लूटमारीसाठी इंग्रजीत एवढे शब्द का, असे कोणी विचारले तर उत्तर सोपे आहे: ते बहुतेक उसने आहेत. ‘प्लंडर’ जर्मनमधून तीस वर्षांच्या युद्धाच्या काळातच आला, ‘फ्रीबूटर’ डचमधून, ‘बँडिट’ इटालियनमधून. ‘लूट’, ‘ठग’ आणि ‘डकॉइट’ हे तर भारतातूनच गेले. ‘रेड’ हा घरचा आहे. तो स्कॉटलंडकडचा असून त्याच्या मुळाशी घोड्यावरून जाणे हा अर्थ आहे. ‘हॅव्हक’ या शब्दाचा आजचा अर्थ नासधूस असा असला, तरी मध्ययुगात ती सैनिकांना लूट सुरू करण्याची मुभा देणारी आरोळी होती.

मराठीत याला नेमका प्रतिशब्द कोणता?

एकच एक शब्द नाही, आणि मला त्यात काही उणेपणा वाटत नाही. संदर्भ पाहून निवड करावी. गावांवर अचानक येऊन पडणाऱ्या टोळीसाठी ‘धाड’ हा शब्द अत्यंत समर्थ आहे. धाड घालणारे, धाडकरी, लुटारूंची धाड, अशी त्याची रूपे करता येतात. या शब्दात वेग आहे, अचानकपणा आहे आणि समूहही आहे. ‘टोळधाड’ म्हटले की किड्यांचे ढग उभ्या पिकावर उतरताना दिसतात. अडचण एवढीच, की आज ‘धाड पडली’ असे म्हटल्यावर वाचकाला प्रथम आयकर खात्याचे किंवा पोलिसांचे पथक आठवते. लुटारूंचा शब्द सरकारकडे गेला आणि बरेचसे लुटारू नावावाचून राहिले. ‘काय धाड भरली आहे तुला’ या घरगुती रागावण्यात मात्र जुन्या संकटाची आठवण अजून आहे.

‘पुंड’ हा दुसरा चांगला शब्द आहे, विशेषतः सत्ता ढासळल्यावर मुलुखात माजलेल्या सशस्त्र टोळ्यांसाठी. ‘पुंडाई’ आणि ‘पुंडपाळेगार’ हे शब्द ऐतिहासिक लिखाणात शोभतात. त्यात दांडगाई अधिक आणि भ्रमंती कमी आहे, हे लक्षात ठेवावे. ‘मुलूखगिरी’ हा शब्द मात्र येथे वापरू नये, जरी काही जुन्या कोशांत तो या अर्थाच्या जवळ दिलेला असला. मुलूखगिरी म्हणजे राज्याच्या हुकुमाने, ठरलेल्या हंगामात, खंडणी किंवा चौथाई वसूल करण्यासाठी निघालेली स्वारी. तिच्यात हिशेब होता. आज तर एखादा हौशी प्रवासीही आपल्या सहलीला मुलूखगिरी म्हणतो.

साध्या मजकुरात ‘लुटारूंच्या टोळ्या’ एवढे लिहिले तरी बहुधा काम भागते. हिंडण्याचा भाग विशेषणात न कोंबता क्रियापदातून आणावा, हा माझा अनुभवाचा सल्ला आहे: ‘युद्ध संपल्यावर कित्येक वर्षे लुटारूंच्या टोळ्या त्या प्रदेशात फिरत होत्या’ हे वाक्य मराठी वाटते. ‘फिरत्या लुटारूंनी प्रदेश व्यापला’ हे वाटत नाही.

‘भटके लुटारू’ असे भाषांतर केले तर काय बिघडते?

पुष्कळ बिघडते. मराठीत ‘भटका’ हे केवळ फिरण्याचे विशेषण राहिलेले नाही. ते प्रत्यक्ष समाजांचे नाव आहे. इंग्रज सरकारने 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा करून अनेक समाजांना जन्मानेच गुन्हेगार ठरवले, त्यांची नोंदणी केली, त्यांच्यावर हजेरी लादली. हा कायदा 1952 मध्ये गेला आणि त्या वर्षीच्या 31 ऑगस्टपासून या समाजांना ‘विमुक्त’ म्हटले जाऊ लागले. त्या कायद्याच्या मुळाशी जी समजूत होती, तीच ‘भटके लुटारू’ या जोडशब्दात नकळत पुन्हा उच्चारली जाते. जो फिरतो तो लुटतच असणार, ही ती समजूत. ‘भामटा’ हा शब्दही याच कारणाने जपून वापरावा, कारण तो एका समाजाच्या नावाशी जोडलेला आहे. इंग्रजी शब्दातील हिंडणे हे लुटीच्या हेतूने केलेले हिंडणे आहे. त्याला कोणाच्या जीवनपद्धतीचे नाव देण्याचा भाषांतरकाराला अधिकार नाही.

पेंढाऱ्यांना मरॉडर म्हणता येईल काय?

येईल, आणि इंग्रजी इतिहासग्रंथांत तसे सर्रास म्हटलेले आहे. पेंढारी प्रथम मराठा फौजांबरोबर पगाराशिवाय राहत आणि मिळालेल्या लुटीवर गुजराण करीत. पुढे मराठा सत्तांची पकड सैल झाली, निरनिराळ्या फौजांतून सुटलेले स्वार त्यांना येऊन मिळाले आणि मध्य भारतातून त्यांच्या टोळ्या दूरदूरच्या मुलुखात शिरू लागल्या. 1816 मध्ये त्या थेट गुंटूरपर्यंत गेल्या होत्या. 1817-18 मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्जने मोठ्या फौजांनिशी त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली आणि चितू, करीम खान, वासिल मुहम्मद या त्यांच्या प्रमुखांची सत्ता मोडली. हिंडणे, लुटणे, टोळी, कायम तळाचा अभाव, या सगळ्या कसोट्यांवर पेंढारी शब्दाला पुरेपूर उतरतात.

मग मरॉडरचे भाषांतर सरसकट ‘पेंढारी’ असे का करू नये? कारण ते विशिष्ट काळातील विशिष्ट लोकांचे नाव आहे. तेराव्या शतकातील युरोपाविषयी लिहिताना ‘पेंढारी आले’ असे वाक्य आले, तर वाचक क्षणभर भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचतो.

हा शब्द निःपक्षपाती आहे काय?

मुळीच नाही. मरॉडर हा शब्द नेहमी ज्याचे घर लुटले गेले त्याच्या ओसरीवरून बोललेला असतो. कोणतीही टोळी स्वतःला या नावाने ओळखत नव्हती. इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लिंडिसफार्न येथील मठावर 793 मध्ये उत्तरेकडील दर्यावर्दी चालून आले. त्या हल्ल्याची हकिकत मठवासीयांच्या बाजूच्या लोकांनी लिहिली, म्हणून ती आपल्याकडे लुटारूंची हकिकत म्हणून पोहोचली. 1664 आणि 1670 मधील सुरतेच्या लुटीचे वर्णन तेथील इंग्रज वखारवाल्यांच्या कागदांत एका भाषेत आहे आणि मराठी इतिहासलेखनात दुसऱ्या. दोन्ही बाजू ‘लूट’ हाच शब्द वापरतात, पण मराठीत त्या लुटीमागे शाएस्तेखानाने तीन वर्षे उद्ध्वस्त केलेल्या मुलुखाची भरपाई आणि राज्याचा खजिना दिसतो. लक्ष्य ठरलेले, वेळ ठरलेली, माघारीचा मार्ग ठरलेला. अशा मोहिमेला मरॉडिंग म्हणणे शब्दाच्या अर्थालाच धरून नाही, हे मत कोणत्याही अभिमानाशिवाय मांडता येते. मात्र बंगालमधील स्वाऱ्यांत सामान्य रयतेचे जे हाल झाले, ते पाहता तेथील लोकांनी ‘बर्गी’ला जो अर्थ दिला तो नाकारण्याचेही कारण नाही. आपणही बेबंद कारभार दिसला की ‘मोगलाई लागून गेली काय’ असे विचारतोच.

म्हणून इतिहासाचे भाषांतर करताना मूळ लेखकाने हा शब्द वापरला असेल, तर तो सौम्य करू नये. त्याचा पक्ष वाचकाला दिसू द्यावा. स्वतः लिहिताना मात्र कोणी, कोणाला, कशासाठी लुटले हे आधी लिहावे. तसे केल्यावर या शब्दाची गरज बऱ्याचदा उरत नाही.

प्राण्यांसाठी हा शब्द कसा काय वापरतात?

शेतात शिरणारे हत्ती, वस्तीत येणारी माकडे, कोंबड्या पळवणारा कोल्हा यांच्यासाठी इंग्रजी वर्तमानपत्रे ‘मरॉडिंग’ हे विशेषण आवडीने वापरतात. वाक्याला जोर येतो, हे खरे; परंतु हत्तीला मालकी कळत नाही आणि त्याचा जुना मार्ग शेतातून जात असेल तर आक्रमण नेमके कोणाचे, हा प्रश्न त्या विशेषणाखाली दबून जातो. मराठीत ‘हत्तींच्या कळपाने पिकांचे नुकसान केले’ असे लिहिणे अधिक सरळ.

फुटबॉलमध्ये आणि पोलिसांच्या भाषेत हाच शब्द कसा येतो?

फुटबॉलमध्ये एखादा बचावपटू आपली जागा सोडून प्रतिस्पर्ध्याच्या हद्दीत खोलवर मुसंडी मारू लागला, की समालोचक त्याला ‘मरॉडिंग फुलबॅक’ म्हणतात. ही शुद्ध स्तुती आहे. लूट नाहीशी झाली, बेधडक संचार उरला. मराठीत येथे ‘मुसंडी मारणारा’ हेच चपखल.

ब्रिटनमधील पोलिसांच्या परिभाषेत ‘मरॉडिंग टेररिस्ट अटॅक’ असा शब्दप्रयोग आहे. हल्लेखोर एका जागी बॉम्ब ठेवून निघून न जाता, एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी फिरत दिसेल त्याला ठार करीत सुटतात, अशा हल्ल्यासाठी तो वापरतात. नोव्हेंबर 2008 मधील मुंबईवरील हल्ला हे त्याचे ठळक उदाहरण मानले जाते. येथेही लूट नाही, फक्त संचार आहे, पण तो जीवघेणा आहे. याचे भाषांतर ‘लुटारू दहशतवादी हल्ला’ असे करणे हास्यास्पद ठरेल. ‘फिरत्या हल्लेखोरांचा दहशतवादी हल्ला’ असे म्हणावे लागेल.

व्याकरणाच्या दृष्टीने कोणती रूपे वापरात आहेत?

नाम ‘मरॉडर’, अनेकवचन ‘मरॉडर्स’. ते बहुधा अनेकवचनातच दिसते. क्रियापद ‘मरॉड’ आहे, पण ते एकटे क्वचित येते. सर्वाधिक आढळते ते ‘मरॉडिंग’ हे विशेषण, आणि त्याच्यापुढे टोळी, झुंड, फौज अशा अर्थाचे समूहवाचक नाम असते. हे लेखी भाषेतील वजनदार शब्द आहेत. रस्त्यात कोणाचा मोबाइल हिसकावून पळालेल्या माणसाला इंग्रजी बोलणारे मरॉडर म्हणत नाहीत.

विमानांना आणि पलटणींना हे नाव का देतात?

भीती वाटावी म्हणून. दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचे बी-26 हे मार्टिन कंपनीचे बॉम्बफेकी विमान ‘मरॉडर’ या नावाने ओळखले जाई. 1944 मध्ये ब्रह्मदेशाच्या जंगलातून जपानी फौजांच्या पिछाडीस गेलेली अमेरिकन तुकडी ‘मेरिल्स मरॉडर्स’ म्हणून प्रसिद्ध झाली. फ्रँक मेरिल हा तिचा सेनानी होता. शत्रूच्या मुलुखात खोलवर शिरून अनपेक्षित ठिकाणी घाव घालणे, एवढाच अर्थ तेथे घ्यायचा असतो. व्हिडिओ गेममधील पात्रांची नावेही याच चालीवर पडलेली आहेत. अशी विशेषनामे मराठीत जशीच्या तशी ठेवावीत.

परीक्षेत अर्थ एका ओळीत लिहायचा असेल तर काय लिहावे?

‘लुटीच्या हेतूने टोळीने हिंडणारा लुटारू’ असे लिहावे. जागा एकाच शब्दापुरती असेल, तर ‘लुटारू’.